मेहुण्याच्या दातातली फट

३ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

नवी वही. कारणं दोन. येत्या नऊ मार्चला 'भाड्याचा मेहुणा' लागून पस्तीस वर्षं होतायत, आणि अशा काळाची नोंद कोणीतरी ठेवायलाच हवी. दुसरं, बायको म्हणाली की हे सगळं मला सांगत बसण्यापेक्षा कुठेतरी लिहून काढत जा.

काल दुपारी सत्त्याण्णवाव्यांदा पाहिला. पहिल्याइतकाच ताजा. ज्याने हा सिनेमा पाहिलेला नाही अशा माणसाने ही वही उघडूच नये, पण रेकॉर्डसाठी लिहून ठेवतो: नायक होणाऱ्या सासऱ्याला थाप मारतो की माझा मेहुणा बडी असामी आहे. मुळात त्याला बहीणच नाही. मग तो एका दिवसापुरता भाड्याने मेहुणा आणतो. मेहुण्याला सासऱ्याच्या घरचा सोफा आवडतो. तो सात महिने उठत नाही. सासऱ्याला संशय आला की मेहुणा मांडी घालून म्हणतो, 'सासरेबुवा, संशय सोडा, सोफा सांभाळा!' मेहुण्याच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, त्यामुळे प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजते. आणि ते त्याचे सासरे नव्हेतच! हाच तर विनोद आहे. बायकोला तीन वेळा समजावलाय. ती म्हणते कळला होता, पहिल्याच वेळी.

संकल्प: नऊ मार्चपर्यंत शंभर पूर्ण करायचे. जेवताना डायलॉग म्हणायचे नाहीत. ग्रुपवर कंडक्टरशी वाद घालायचा नाही.

८.४० - पोहे-बिहे काही नाही, साधं ब्रेड-बटर होतं, त्याला जेवण म्हणत नाहीत. त्यामुळे दुसरा संकल्प तांत्रिकदृष्ट्या शाबूत आहे. बायको मात्र ताट घेऊन बाल्कनीत गेली.

५ फेब्रुवारी

ग्रुपवर कंडक्टरशी वाद. (तिसरा संकल्प उद्यापासून.) ग्रुपचं नाव 'मेहुणेप्रेमी', सभासद एक्केचाळीस. पैकी बोलतो मी आणि हा रिटायर्ड कंडक्टर. बाकीचे एकोणचाळीस मनातल्या मनात प्रेम करतात. कंडक्टरचा दावा, त्याने एकशे बारा वेळा पाहिलाय. पुरावा काय, विचारलं. म्हणाला, मी तीस वर्षं माणसं मोजली, सिनेमे मोजता येणार नाहीत का?

मी उत्तर दिलं नाही. मोठेपणा माझ्याकडेच आहे. (चार मेसेज टाकले, ते उत्तर नव्हे, माहिती होती.)

७ फेब्रुवारी, दुपारी १२.२०

नीट लिहितो.

माझा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, मी त्यावरून प्लास्टरचा साचा ओततो, मेणात दात बसवतो, मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक शिजवतो, घासूनपुसून परत पाठवतो. छोटी लॅब, खिडकी एक, माणूस एक. निम्म्याहून जास्त काम कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंचं. स्लिपवर पेशंटचं नाव नसतं, नुसता नंबर.

आज सकाळी त्यांच्याकडून एक माप आलं. वरचा जबडा, मागचे दात सगळे गेलेले, पुढे सहाच उरलेले. प्लास्टर ओतलं. सुकलं. साचा सोडवला. हातात धरून उजेडात वळवला.

पुढच्या दोन दातांत फट.

लोकांच्या फटी असतात. मी बावीस वर्षांत शेकड्यांनी पाहिल्यात. पण ही खाली रुंद, वर निमुळती, आणि डाव्या दाताचा कोपरा किंचित उडालेला. ही फट मी सत्त्याण्णव वेळा पाहिली आहे.

२.४५ - घरी जाऊन सिनेमा क्लोजअपवर थांबवला आणि टीव्हीच्या काचेवर कॅलिपर लावून मोजलं. नाकाच्या रुंदीशी प्रमाण काढलं. जुळतंय. बायको शाळेतून लवकर आली होती, दारात उभी राहून बघत होती. तिलाही क्षणाचं महत्त्व कळलं असावं.

८ फेब्रुवारी

कालच्या उत्साहात स्लिप नीट वाचलीच नव्हती. 'पेशंट वय ७४. उरलेले सहा दात काढून त्याच दिवशी कवळी बसवायची. पुढचे दोन दात जुळवून. फट नको.' 'फट नको'च्या खाली दोन रेघा.

डॉक्टरीणबाई हुशार आहेत, पण सिनेमा बघणाऱ्यांतल्या वाटत नाहीत. हे म्हणजे किल्ल्याची डागडुजी करताना बुरूज पाडून टाइल्स लावा म्हणण्यासारखं आहे.

९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना फोन केला. सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, हे पेशंट पूर्वी सिनेमात होते का हो? त्या म्हणाल्या, पेशंटची माहिती मी देत नाही, आणि तुम्हाला ती दाताच्या कामासाठी लागतही नाही. मी म्हटलं, फटीबद्दल जरा चर्चा करावी म्हणत होतो. त्या म्हणाल्या, चर्चा कसली, फट नको, त्यांनी स्वतः सांगितलंय, दोन मार्चला नातीचं लग्न आहे, एकवीसला कवळी बसली पाहिजे. फोन ठेवला.

सारांश: बाई खूप बिझी आहेत. निर्णय एकंदरीत माझ्यावर सोपवलाय.

११ फेब्रुवारी

ग्रुपवर फक्त एक सूचक मेसेज टाकला: 'मित्रहो, नऊ मार्चला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आपल्या सिनेमाचा खास खेळ. एक अशी व्यक्ती येईल की शिट्टी वाजल्याशिवाय राहणार नाही.' यात कुठेही थेट नाव नाही. यापुढे एक अक्षरही बोलणार नाही.

कंडक्टर: कोण व्यक्ती?
मी: मेहुणा.

ग्रुपवर कधी नव्हे ते सतरा अंगठे. त्यातले नऊ जण जिवंत आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. कंडक्टर म्हणाला, तो माणूस वीस वर्षांत कोणाला दिसलेला नाही, आणला नाहीस तर काय? मी लिहिलं, आणला नाही तर ग्रुप तुझा.

अ‍ॅडमिन मी आहे. तेव्हा या पैजेत धोका असा नाहीच.

१३ फेब्रुवारी

बायकोला सगळं सांगितलं. ती गणित शिकवते, त्यामुळे कुठलीही गोष्ट दोन पायऱ्यांत संपवायची तिला सवय आहे. म्हणाली, दात कोणाचे? मी म्हटलं, त्यांचे. फट कोणाला नको? म्हटलं, त्यांनाच, पण... ती म्हणाली, झालं मग, आणि पेपर तपासायला बसली.

तिला मी म्हटलं, कलावंताला स्वतःची किंमत कळत नाही. उद्या हा माणूस आरशात बघेल, त्याला आपला गेलेला चेहरा परत दिसेल, डोळ्यांत पाणी येईल, म्हणेल हे कोणी केलं, मला त्या माणसाला भेटायचंय.

ती म्हणाली, भेटायचंय नक्की म्हणेल.

बघा, पटलं तिला.

१६ फेब्रुवारी, सायंकाळी ६

आयुष्यातलं सर्वोत्तम काम.

खबरदारी म्हणून दोन कवळ्या करायचं ठरवलं होतं, एक फटीची, एक बिनफटीची. म्हणजे कोणी काही म्हणायला नको. पण फटीच्या कवळीलाच तीन दिवस गेले. फट आधी दीड मिलिमीटर ठेवली. मेणातच स्ट्रॉ लावून फुंकर मारली तर नुसती फुसफूस. मग एक पूर्णांक आठ. आत टाळूच्या बाजूला जरा खोलगट केलं. फुंकर मारली आणि शिट्टी वाजली. तीच! समोरच्या झेरॉक्सवाल्याने मान वर करून पाहिलं. डाव्या दाताचा कोपराही बारीक घासून तसाच उडवला.

अशा कामात आणखी एक गंमत असते. दात काढायच्या दिवशीच कवळी बसवायची असली की पुढच्या भागाची आधी ट्रायल घेता येत नाही, कारण तिथे अजून खरे दात असतात. म्हणजे ती कशी दिसते हे पेशंटला तोंडात गेल्यावरच कळतं. यालाच सरप्राइज म्हणतात.

१९ फेब्रुवारी

कवळी ओल्या कापसात गुंडाळून, डबीला चारही बाजूंनी टेप लावून स्वतः नेऊन दिली. असिस्टंटला सांगितलं, ऐन वेळेपर्यंत उघडू नका, कोरडी पडेल. ती म्हणाली, बाईंनी आधी बघायला नको का? मी म्हटलं, बावीस वर्षांचा विश्वास आहे.

घरी येऊन अठ्ठ्याण्णवावा. आज शिट्ट्या जास्तच गोड वाजल्या.

२१ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

इस्त्रीचा शर्ट घालून लॅबमध्ये बसलोय. सहीसाठी वही सोबत आहे. फोन येणार.

११.५० - येणार.

१२.२५ - आला! डॉक्टरीणबाई. ताबडतोब इकडे या, एवढंच म्हणाल्या. आवाज भरून आला होता.

दुपारी ४

आवाज भरून आला नव्हता.

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे कोणी उलटसुलट सांगायला नको.

आत गेलो तर ते खुर्चीत बसलेले. पांढरी दाढी, वाळलेला गळा, गळ्याभोवती कागदाचा निळा रुमाल. हातात आरसा. सहा दात नुकतेच काढलेले, त्यामुळे अर्धं तोंड बधिर. मी वही पुढे करणार तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की वही पाठीमागे गेली.

मेहुणेसाहेब आरशातच बघत म्हणाले, हे कोणी केलं?

हे वाक्य मी तेरा तारखेला जसंच्या तसं लिहिलेलं आहे. म्हणून एक पाऊल पुढे टाकून म्हणालो, मी.

त्यांनी मान वळवली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाले, फॅन का?

मी म्हटलं, अठ्ठ्याण्णव वेळा.

ते म्हणाले, वाटलंच.

मग ते बोलत राहिले, हळू, थांबत थांबत, कारण जीभ बधिर होती. म्हणाले, एकदा माझी सायकल चोरीला गेली. पोलीस चौकीवर तक्रार द्यायला गेलो. साहेबांनी आधी सगळ्या स्टाफला गोळा केलं, मग मला म्हणाले, ते सोफ्याचं म्हणा. मी म्हटलं. सगळे हसले. पुन्हा म्हणा म्हणाले. पुन्हा म्हटलं. तासाभराने चहा पाजून मला घरी पाठवलं. तक्रार लिहून घ्यायची राहूनच गेली. मी चालत घरी आलो. सोळा सिनेमे केले, सोळाही वेळा दिग्दर्शक म्हणाला, दादा, डायलॉग काहीही असू द्या, त्यात 'स' घाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जास्त बोलू नका, टाके आहेत. ते थांबले नाहीत.

म्हणाले, मुलगी आणि जावई दोघंही लवकर गेले. नातीला मी वाढवलंय. लग्नात मला चार वाक्यं बोलायचीत. महिनाभर पाठ करतोय. शेवटचं वाक्य आहे, 'सुखी राहा.' मला ते एकदा म्हणायचंय आणि कोणी हसता कामा नये. एवढंच काम होतं तुमचं.

आणि त्यांनी ते म्हणून दाखवलं.

शिट्टी वाजली. एक पूर्णांक आठची. बंद खोलीत तर फारच स्वच्छ वाजली.

मी हसलो नाही. हे मी इथे ठामपणे नोंदवतो. तोंडातून आवाज आला, पण हसणं आणि आवाज येणं यात फरक आहे. असिस्टंट म्हणते मी भिंतीला धरून हसत होतो. भिंतीला मी चक्कर आली म्हणून धरलं होतं.

मेहुणेसाहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. नुसतं मान हलवून डॉक्टरीणबाईंना म्हणाले, बघितलंत?

बाई मला बाहेर घेऊन आल्या. म्हणाल्या, या दवाखान्यात बावीस वर्षांत मी इतकी लाजले नव्हते. पंचवीसच्या सकाळी दुरुस्त कवळी इथे आली पाहिजे. नाहीतर त्या दिवसापासून माझं काम दुसऱ्या लॅबला जाईल. आणि ती स्वच्छ उघडी घेऊन या, टेप न लावता.

२२ फेब्रुवारी

शांत डोक्याने विचार केला. चूक खरी कोणाची? फट देवाने दिली. सिनेमा दिग्दर्शकाने काढला. शिट्टी हवेची. मी फक्त जपणूक केली.

तरी मोठ्या मनाने दुरुस्ती करून देतो आहे. पुढचे दोन दात काढून त्या जागी जरा रुंद दात बसवायचे, बस. दोन तासांचं काम. उद्या करतो.

सॉरी म्हणायला हवं होतं का? म्हणालो की. मनात.

२३ फेब्रुवारी

काम सुरू. जुने दोन दात उपसून काढले. नवे मेणात लावले. सुंदर. पण जरा निर्जीव. म्हणून मध्ये अर्ध्या मिलिमीटरची जागा ठेवली. शिट्टी वाजणार नाही. नुसती आठवण. कोणाला दिसणारही नाही.

२४ फेब्रुवारी, सायंकाळी ७

दिसलं.

शाळा सुटल्यावर बायको लॅबमध्ये आली. बावीस वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा उद्घाटनाला आली होती. म्हणाली, दाखव. दाखवली. तिने चष्मा वर केला, कवळी खिडकीशी धरली आणि म्हणाली, उजेड येतोय यातून.

मी म्हटलं, अर्धाच मिलिमीटर आहे.

ती म्हणाली, शून्य म्हणजे शून्य. सातवीतल्या मुलांनासुद्धा कळतं.

मग स्टूल ओढून बसली, पिशवीतून उत्तरपत्रिका काढल्या आणि लाल पेनने तपासायला लागली. दर दहा मिनिटांनी हात पुढे करायची. मी कवळी द्यायचो. ती उजेडात धरायची, परत द्यायची. चार वेळा असं झालं. पाचव्यांदा उजेड आला नाही.

कवळी शिजायला ठेवल्यावर मी म्हटलं, तुला काय माहीत, एवढी मोठी गोष्ट मी या हातांनी पुसली. ती पेपरावरून मान वर न करता म्हणाली, त्या माणसाची नात लग्न करून जाणार, मागे तो एकटा, आणि तुला शिट्टीची पडलीय.

यावर माझ्याकडे उत्तर होतं. तेव्हा सुचलं नाही. आताही नाही, पण होतं.

२५ फेब्रुवारी

कवळी उघडी नेऊन दिली. कापसाखाली नऊ मार्चच्या खेळाचं छोटंसं आमंत्रण सरकवलं. हे व्यवसायाला धरून नाही असं काही लोक म्हणतील. त्या लोकांना आमंत्रण नाही.

मला आत जायची परवानगी नव्हती. बाहेर बाकावर बसलो. दार बंद, पण वर काच उघडी. आतून त्यांचा आवाज आला. सुखी राहा. जरा वेळाने पुन्हा, सुखी राहा. मग भराभर सात-आठ वेळा. एकदाही शिट्टी नाही. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो, रडू नका, टाके ओढले जातील.

बाकावर माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं. दवाखाने हल्ली नीट झाडत नाहीत.

४ मार्च

ग्रुपवर कंडक्टर रोज विचारतोय, येतोय ना? मी रोज लिहितो, येतोय. मला खात्री आहे. आमंत्रणाला नकार आलेला नाही. उत्तरच आलेलं नाही, म्हणजे नकार नाही.

नव्याण्णवावा पाहिला. मेहुणा सोफ्यावर बसला की मला निळा कागदी रुमालच दिसतो. रिमोटचा सेल बदलायला हवा.

८ मार्च

हॉल तयार. खुर्च्या ऐंशी. कमी पडतील म्हणून खालून वीस मागवल्या. पुढच्या रांगेत मधोमध एक सोफा ठेवलाय, वाचनालयवाल्यांच्या हातापाया पडून आणला. त्यावर पाटी: 'फक्त मेहुण्यासाठी.'

कंडक्टरशी भेट झाली, प्रत्यक्षात प्रथमच. माझ्यापेक्षा उंच निघाला.

९ मार्च, सायंकाळी ८

सिनेमा अजून चालू आहे. मी हॉलबाहेरच्या जिन्यात बसून लिहितोय. क्रमाने लिहितो.

माणसं आली चौदा. चौदात वॉचमन धरला आहे. बायको मागच्या रांगेत, मांडीवर पेपर.

पाच वाजता खेळ होता. पाच वीसपर्यंत सोफा रिकामा. कंडक्टर घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघत होता. पाच पंचवीसला दार उघडलं आणि ते आले. साधा पांढरा शर्ट, दाढी काढलेली. मी धावत गेलो. ते हळूच म्हणाले, बोललो मी लग्नात. नात म्हणाली, आजोबा, छान बोललात. कोणी हसलं नाही. खरं तर कोणी ऐकलंही नाही, फोटोवाला सगळ्यांना रांगेत उभं करत होता. पण तिने ऐकलं. आणि ते हसले. सलग, शुभ्र, जुळलेले दात. मी केलेले. एकदम सुरेख काम, हे मला मान्य करावंच लागेल.

मी म्हटलं, साहेब, सॉरी. या वेळी तोंडाने.

ते म्हणाले, असू द्या, मी मागे बसतो. कोणाला सांगू नका.

मी ठामपणे ठरवलं, सांगायचं नाही.

ते चालत निघाले. वाटेत पाय दुखला असावा, म्हणून सोफ्याच्या कडेला टेकले. कंडक्टर लगेच म्हणाला, आजोबा, उठा तिथून, ती जागा मेहुण्याची आहे.

सांगा, कोणाला राहवेल?

मी माइक घेतला. म्हटलं, मित्रहो! हेच ते!

चौदा माना वळल्या. (तेरा. बायकोने डोक्याला हात लावला होता.) कंडक्टर जवळ गेला. वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाला, हसा. ते हसले. कंडक्टर म्हणाला, फट कुठाय? मी म्हटलं, मी बुजवली! कंडक्टर म्हणाला, तू? मी म्हटलं, म्हणजे आधी ठेवली, मग बुजवली! कोणीतरी मागून म्हणालं, बरं आहे ना यांना?

कंडक्टरने त्यांना फार आदराने विचारलं, आजोबा, तुम्ही आहात का ते?

ते माझ्याकडे बघत म्हणाले, नाही हो. मला पस्तीस वर्षं लोक विचारतात. जरा तसा दिसतो.

मी म्हटलं, डायलॉग म्हणायला लावा! आवाजावरून कळेल! कंडक्टर म्हणाला, म्हणा बघू. ते उभे राहिले. शर्ट नीट केला. आणि म्हणाले, सासरेबुवा, संशय सोडा, सोफा सांभाळा.

एकही शिट्टी नाही. बातम्या वाचल्यासारखं. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. एका बाईंनी सहानुभूतीने टाळी वाजवली, एकच.

कंडक्टर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, प्रयत्न चांगला होता, पण त्याची मजाच वेगळी. मी एकशे बारा वेळा पाहिलाय, मला कळतं.

ते म्हणाले, अगदी बरोबर. आणि मागे जाऊन बायकोच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

मग सिनेमा सुरू झाला, आणि हा माणूस हसायला लागला. पडद्यावर मेहुणा सोफ्यावर बसला की हा खुर्चीवर आडवा. इतरांच्या आधी, इतरांपेक्षा मोठ्याने. जणू पडद्यावरच्या त्या माणसाशी याचा काही संबंधच नाही. मध्ये एकदा डोळे पुसत बायकोला विचारत होता, बाई, हा उठतो की नाही शेवटी?

त्याचा आवाज इथे जिन्यात ऐकू येतोय.

मी इथे का बसलोय? हॉलमध्ये उकडत होतं.

१० मार्च

ग्रुप कंडक्टरला दिला. दिला म्हणजे पैज होती, आणि शब्दाला मी पक्का. नवा अ‍ॅडमिन या नात्याने त्याने पहिलं काम केलं ते मला काढलं. सभासद चाळीस. एकाही माणसाने हळहळ व्यक्त केली नसावी असं वाटत नाही. मला ते दिसणार नाही, एवढंच.

बायकोने विचारलं, तो माणूस तोच होता हे तुला ठाऊक होतं, तेवढं पुरे नव्हतं का? मग माइकवर कशाला ओरडलास? मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न होता. ती म्हणाली, जाताना तो मला म्हणाला, तुमच्या मिस्टरांचा हात चांगला आहे, फक्त त्यांच्या हातात माइक देऊ नका.

यातला पहिला भाग मी या वहीत मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहून ठेवतो:

तुमच्या मिस्टरांचा हात चांगला आहे.

११ मार्च, सकाळी १०

डॉक्टरीणबाईंकडून नवं काम आलं. म्हणजे संबंध टिकले. खालची दाढ, एक, डावीकडची. पेशंट कोण, काय, कुठला, असलं काही विचारायचं नाही असा संकल्प केला.

१०.१५ - विचारलं. पोस्टात होता. कुठल्याच सिनेमात नाही.

११.०० - दाढ सुरू.